तीस सेकंदांनी पुन्हा विचारा

सकाळी काय खाल्लं हे ज्यांना दुपारी आठवत नाही, त्या आजोबांना नवं काही शिकवता येईल? तेही नुसत्या फोनवरून?

येतं! पद्धत तरी किती साधी! थेरपिस्ट विचारते, "आज काय करायचंय, ते कुठे बघायचं?" उत्तरही आधी तीच सांगते, "फ्रिजवरच्या कॅलेंडरवर," आणि आजोबांकडून वदवून घेते. मग तीस सेकंद इकडच्या तिकडच्या गप्पा. पुन्हा तोच प्रश्न. जमलं की अंतर दुप्पट: एक मिनिट, दोन, चार, आठ. चुकलं तर "आठवून बघा ना" म्हणायचंच नाही. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच डोक्यात पक्कं बसू शकतं. म्हणून बरोबर उत्तर लगेच सांगायचं आणि जमलेल्या अंतरावर परत यायचं.

हळूहळू अनेकांच्या ओठांवर उत्तर आपसूक येऊ लागतं. ते कुणी, कधी शिकवलं, याचा मात्र पत्ताही नसतो!

हे होतं कसं? अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस लवकर पोखरला जातो. घडलेलं नोंदवून ठेवणारा मेंदूचा हा भाग. सवयी सांभाळणारे भाग वेगळे आणि ते बराच काळ तग धरतात. म्हणजे पुढचं दार बंद, पण परसदार उघडं! हेन्री मोलेसन या रुग्णाचा दोन्ही बाजूंचा बराचसा हिप्पोकॅम्पस १९५३च्या शस्त्रक्रियेत काढला गेला होता. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. हात रोज सुधारत गेला. आणि हे आपण आधी कधी केलंय, हे त्यांना एकदाही आठवलं नाही!

आणि हे फोनवरून? २५ मार्च २०२०ला भारतभर टाळेबंदी लागली, ज्येष्ठांची डे-केअर केंद्रं बंद पडली. त्याच तारखेला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वंही जाहीर झाली. पण प्रश्नोत्तरांची ही रीत फोनवरून चालते का, हे अमेरिकेत कॅमरन कॅम्प आणि सहकाऱ्यांनी २००३मध्येच तपासून पाहिलं होतं. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की इथे औषध म्हणजे दोन प्रश्नांमधली वेळ. ती फोनवरूनही जशीच्या तशी पोचते!

हात धरून उठवणं फोनला जमत नाही. तिथे घरचंच कुणीतरी लागतं. फोन ठेवल्यावर भाजी निवडता निवडता सूनबाई तोच प्रश्न विचारतात. पुढच्या फोनची सुरुवातही त्यानेच होते. सलग काही वेळा पहिल्या झटक्यात बरोबर आलं, की मग पुढचा धडा: उठण्याआधी काठी हातात घ्यायची.