मोटरसायकलला कारचा टायर : चालतो, मग अडचण कुठे आहे?

मोटरसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर बसवला तर? व्हायवामध्ये कोणी विचारलं तर आपण "सर, बसणारच नाही" असं ठोकून देऊ. पण मित्रांनो, अमेरिकेत हे बरीच वर्षं चालू आहे. आणि करणारे कोणी स्टंटबाज नाहीत. त्यातले बरेच जण पत्नीला मागे बसवून, सामान लादून, हजारो किलोमीटर फिरणारे चांगले वयस्क लोक आहेत. ते स्वतःला 'डार्कसायडर' म्हणवतात. 'स्टार वॉर्स' पाहिलेल्यांना डार्क साइड म्हणजे काय ते सांगायला नको!

हा वाद मला आवडतो, कारण दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. म्हणून आधी त्यांची बाजू ऐकू.

ते असं का करतात?

त्यांची लाडकी गाडी म्हणजे होंडा गोल्डविंग. २००१ साली आलेल्या मॉडेलला १८३२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि वजन साडेतीनशे किलोच्या पुढे. म्हणजे आपल्या तीन स्प्लेंडर एकावर एक! त्यावर दोन माणसं आणि सामान. मागच्या टायरचा साइज १८०/६० आर १६, लोड इंडेक्स ७४, म्हणजे जास्तीत जास्त ३७५ किलो. त्या जागी हे लोक १९५/५५ आर १६ साइजचा कारचा टायर घालतात. त्याचा लोड इंडेक्स साधारण ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. कागदावर कारचा टायर सरळ सरळ जिंकतो.

दुसरा मुद्दा झिजेचा. टेक्सास, नेवाडासारख्या राज्यांत तासन् तास रस्ता सरळच असतो. मोटरसायकलच्या टायरचं रबर मऊ, त्यात फक्त मधला पट्टा घासला जातो. साधारण १५ हजार किलोमीटरमध्ये टायर संपतो. कारचा टायर ४०-५० हजार आरामात जातो आणि वर स्वस्तही पडतो. पावसात पाणी बाजूला काढायला त्याच्या खाचाही खोल असतात. हे सगळं खरं आहे. नुसता पैशांचा हिशोब केला तर वाद इथेच संपला.

पण बाईक वळते कशी?

कार वळताना जवळजवळ उभीच राहते, तिचं चाक रस्त्याशी एक-दोन अंशच कलतं. बाईक मात्र कलल्याशिवाय वळूच शकत नाही. किती कलायचं याचं सूत्र फर्स्ट इयरलाच येऊन गेलंय: टॅन थीटा म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले जी. ताशी ६० किलोमीटर वेग आणि ५० मीटर त्रिज्येचं वळण धरा. उत्तर येतं साधारण ३० अंश. घाटातलं हे अगदी नेहमीचं वळण आहे.

आता मेसमधला स्टीलचा पेला घ्या, वर रुंद आणि खाली निमुळता असतो तो. टेबलावर आडवा ठेवून हलकेच ढकला. तो सरळ जाणार नाही, गोल फिरेल. कललेला गोल टायर रस्त्यावर असाच वागतो. त्याचा आतला भाग लहान त्रिज्येवर, बाहेरचा मोठ्या त्रिज्येवर फिरतो, आणि तो आपोआप वळणाच्या दिशेने ओढतो. याला कॅम्बर थ्रस्ट म्हणतात. बाईकचा टायर गोल असतो तो याचसाठी.

आता पेल्याऐवजी सरळ बाजूंचा डबा घेऊन तो कलवा. तो कडेवर उभा राहतो. कारचा टायर अगदीच डबा नाही, त्याची साइडवॉल वाकते आणि ट्रेडचा काही भाग रस्त्याला टेकलेला राहतो. म्हणून तर डार्कसायडर वळणं घेऊ शकतात. पण टेकण्याची जागा आतल्या कडेकडे सरकते. ती समजा ५ सेंटिमीटर सरकली आणि मागच्या चाकावर २५० किलो भार असला, तर बाईकला परत उभं करणारा मोमेंट होतो सव्वाशे न्यूटन-मीटरच्या आसपास. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १२-१३ किलोचं पोतं टांगल्यासारखं. वळण संपेपर्यंत हँडल दाबून धरून रायडरला याच्याशी झगडावं लागतं. गोल टायरमध्येही ही जागा सरकते, पण हळूहळू, आणि पुढचा टायरही तसाच गोल असल्यामुळे दोघांचा मेळ बसतो. इथे पुढचा गोल आणि मागचा चपटा. एकाच गाडीला दोन वेगवेगळ्या स्वभावाचे टायर!

आणि हे फक्त वळणावरच होतं असं नाही. सरळ रस्त्यावर एका बाजूला उंचवटा आला की चपट्या टायरची तीच कड टेकते आणि गाडी मनाने दिशा बदलते. तिकडच्या गुळगुळीत हायवेवर हे कधीतरी होईल. ट्रकच्या चाकांनी पडलेल्या लांब चाकोऱ्या, काँक्रीटच्या पट्ट्यांमधली खाच, अर्धवट डांबर टाकलेली लेन हे ज्याने आपल्याकडे पाहिलंय, त्याला जास्त सांगायला नको.

"टायर रुंद म्हणजे ग्रिप जास्त" हा फंडाही तपासून घ्या. रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब इतकं असतं. २५० किलो भार, ४० पीएसआय हवा, तर साधारण ९० चौरस सेंटिमीटर. टायर रुंद घेतला आणि हवा तेवढीच ठेवली, तर मुख्यतः आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं नाही.

रिमची गोष्ट

टायर रिमला धरून राहतो तो बीडमुळे, म्हणजे आतल्या कडेच्या तारेच्या कड्यामुळे. दोन्ही रिम १६ इंची असल्या तरी बीड बसायच्या जागेचा आकार कारच्या रिममध्ये वेगळा, बाईकच्या रिममध्ये वेगळा. त्यामुळे काही वेळा बीड बसवायला टायरवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त हवा भरावी लागते, आणि तेव्हा टायर फुटला तर समोरच्या माणसाचं काही खरं नाही. टायर कंपन्या असं करू नका म्हणून स्पष्ट बजावतात. अमेरिकेतली बरीच दुकानंही हे काम करायला नकार देतात, म्हणून हे लोक घरीच टायर चढवतात.

"पण इतक्या जणांना काही झालं नाही ना!"

हा त्यांचा हुकमी एक्का. एकेक जण लाख-लाख किलोमीटर फिरल्याचं सांगतो, आणि ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण इंजिनीयर म्हणून आपण काय शिकतो? लिफ्टचा दोर आजपर्यंत तुटला नाही, एवढ्यावरून त्याचा फॅक्टर ऑफ सेफ्टी कळत नाही. फक्त आजपर्यंतचा भार त्याला झेपला एवढंच कळतं. कारचा टायर ३० अंश कलवून, एका कडेवर भार देऊन, ओल्या रस्त्यावर किती धरेल यासाठी कंपनीने तो बनवलेलाच नाही आणि तपासलेलाही नाही. म्हणजे मर्यादा नक्की आहे, पण ती कुठे आहे हे कोणाला माहीत नाही. माझ्या मते खरी अडचण ही आहे. रोजच्या रायडिंगमध्ये ती जाणवणारच नाही. समोर अचानक कुत्रं आलं, वळणावर खडी निघाली, तेव्हाच ती कळणार. आणि तेव्हा मागे बसलेल्याला कोणी विचारलेलं नसतं.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे कारचा टायर शोभतो: साइडकार. आपल्याकडे पूर्वी स्कूटरला साइडकार जोडून अख्खं कुटुंब फिरायचं. साइडकार लावली की गाडी कलतच नाही, रिक्षासारखी उभ्याने वळते. मग चपटा टायरच योग्य. म्हणून परदेशात साइडकारच्या जड बाइकला मागे कारचा टायर लावतात, त्यामागचं गणित सरळ आहे. टायर चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, गाडी कलते की नाही हा प्रश्न आहे.

मग आपला काय संबंध?

आपल्या बाइकला कारचा टायर बसणारच नाही. स्प्लेंडरची रिम १८ इंची आणि रुंदीला दोन इंचांहून कमी, जुन्या अल्टोची १२ इंची. पण त्याची धाकटी भावंडं आपल्या पार्किंगमध्ये उभी आहेत.

पहिलं, अरुंद रिमवर बसवलेला जाडजूड टायर. दिसतो एकदम भारी! पण अरुंद रिम त्याच्या बाजू आत ओढते, गोलाई बिघडते, आणि टायर चेनला किंवा मडगार्डला घासतो ते वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनाने बदल करण्यावर बंधनं आहेत, तेही लक्षात असू द्या.

दुसरं जास्त महत्त्वाचं. रोज कॉलेज ते स्टेशन सरळ रस्त्याने चालणाऱ्या बाइकचा मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो. म्हणजे एक पैसा खर्च न करता आपणही डार्कसायडर! मग सबमिशन संपलं की हीच बाईक डबलसीट घाटात जाते, तेही पावसाळ्यात.

तेव्हा पुढच्या ट्रिपच्या आधी एवढंच करा. मागच्या टायरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा हात फिरवा. गोलाई सलग लागली तर उत्तम. मध्ये सपाट पट्टा आणि दोन्हीकडे धार लागली, किंवा खाचेतल्या झिजेच्या खुणेच्या पातळीला रबर आलं असेल, तर टायर बदला, आणि कंपनीने सांगितलेल्या साइजचाच घ्या. पैसे जातील हे मान्य. दोन महिने कँटीनचं बिल जरा आवरा.