विदर्भ वि. कर्नाटक, रणजी करंडक उपांत्य सामना (२०१७-१८)

विदर्भ वि. कर्नाटक हा २०१७-१८ च्या रणजी करंडक स्पर्धेतील उपांत्य सामना १७ ते २१ डिसेंबर २०१७ या काळात कोलकात्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर खेळला गेला. तोपर्यंत रणजी करंडकाची अंतिम फेरी एकदाही न गाठलेल्या विदर्भाने आठ वेळा विजेत्या ठरलेल्या कर्नाटकाचा ५ धावांनी पराभव केला. पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडूनही विदर्भाने हा सामना जिंकला. वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी याने सामन्यात १२ बळी घेतले. पुढे विदर्भाने अंतिम सामन्यात दिल्लीला हरवून आपले पहिले रणजी विजेतेपद मिळवले.

पार्श्वभूमी

भारतातील राज्य व प्रादेशिक संघांची रणजी करंडक ही प्रथम श्रेणी क्रिकेट स्पर्धा १९३४-३५ पासून खेळली जाते. महाराष्ट्र राज्यातून या स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन स्वतंत्र संघ उतरतात. राज्याच्या सीमेऐवजी क्रिकेट संघटनांच्या जुन्या हद्दी प्रमाण मानल्या गेल्यामुळे ही रचना झाली. त्यामुळे पालघरचा शार्दुल ठाकूर किंवा विरारमध्ये वाढलेला पृथ्वी शॉ मुंबईकडून खेळू लागला, पुण्याचे खेळाडू महाराष्ट्राकडून खेळतात आणि नागपूरचे विदर्भाकडून.

या तीन संघांच्या कामगिरीत मोठी तफावत होती. २०१७-१८ चा हंगाम सुरू झाला तेव्हा मुंबईच्या नावावर ४१ विजेतेपदे होती. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोनदा अजिंक्यपद मिळवले होते. १९५७-५८ पासून खेळणाऱ्या विदर्भाची पाटी मात्र सहा दशके कोरी राहिली होती. २००२-०३ मध्ये स्पर्धेची एलिट आणि प्लेट अशा दोन स्तरांत विभागणी झाल्यानंतर विदर्भाने अनेक हंगाम खालच्या प्लेट स्तरात काढले. गुणवान खेळाडू अधूनमधून पुढे येत. उमेश यादव हा विदर्भाचा वेगवान गोलंदाज तर भारताच्या कसोटी संघात स्थिरावला होता. तरीही संघ म्हणून विदर्भाची गणना लिंबूटिंबूंमध्येच होत असे.

‘लिंबूटिंबू’ हा शब्द मुलांच्या खेळातून आला आहे. मोठ्या मुलांच्या खेळात हट्टाने शिरलेल्या लहानग्याला खेळू दिले जाते, पण त्याचे बाद होणे किंवा जिंकणे कोणी हिशेबात धरत नाही. मराठी क्रीडा पत्रकारितेत हा शब्द दुबळ्या संघासाठी रूढ झाला. त्यामागची उपेक्षा विदर्भाच्या वाट्याला दीर्घकाळ आली होती.

प्रतिस्पर्धी संघ

उपांत्य फेरीपूर्वी कर्नाटकाच्या नावावर आठ रणजी विजेतेपदे होती. २०१३-१४ आणि २०१४-१५ या लागोपाठच्या हंगामांत त्यांनी रणजी करंडक, इराणी करंडक आणि विजय हजारे करंडक या तिन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. २०१७-१८ मध्ये सलामीवीर मयंक अगरवाल याने हजारांहून अधिक धावा केल्या होत्या. त्यांत पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध केलेल्या नाबाद ३०४ धावांचा समावेश होता. करुण नायर याच्या नावावर कसोटी क्रिकेटमधील त्रिशतक होते. कर्णधार विनय कुमार, अभिमन्यू मिथुन आणि स्टुअर्ट बिन्नी हेही भारताकडून कसोटी खेळलेले होते. उपान्त्यपूर्व फेरीत कर्नाटकाने नागपूरमध्ये मुंबईसारख्या संघाला एक डाव आणि २० धावांनी हरवले होते.

विदर्भाचे नेतृत्व नागपूरचा डावखुरा सलामीवीर फैज फझल करत होता. संघात दोन अनुभवी खेळाडू बाहेरून आलेले होते. ३१ कसोटी सामने खेळलेला वसीम जाफर मुंबईकडून आला होता, तर गणेश सतीश हा कर्नाटकाचाच माजी कर्णधार होता. प्रशिक्षकपद भारताचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांच्याकडे होते. मुंबईला रणजी विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक म्हणून ते ख्यातनाम होते आणि विदर्भासोबत त्यांचा हा पहिलाच हंगाम होता. भारताचे माजी वेगवान गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजीचे मार्गदर्शक होते.

गटसाखळीत विदर्भाने आपल्या गटात पहिले स्थान मिळवले होते. सुरत येथील उपान्त्यपूर्व सामन्यात त्यांनी केरळला ४१२ धावांनी हरवले होते. असे असले तरी कर्नाटकाविरुद्ध त्यांचे पारडे हलकेच मानले जात होते.

नियमाचे महत्त्व

रणजी करंडकाच्या बाद फेरीतील सामना पाच दिवसांचा असतो. तो अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढील फेरीत जातो. त्यामुळे पहिल्या डावात मागे पडलेल्या संघाला सामना वाचवून काहीच साध्य होत नाही. त्याला दुसऱ्या डावात पुरेशा धावा कराव्या लागतात आणि उरलेल्या वेळात प्रतिपक्षाचे दहाही गडी बाद करावे लागतात. या सामन्यात विदर्भासमोर नेमकी हीच स्थिती उभी राहिली.

सामना

विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. मिथुनने पाच बळी घेतले. कर्नाटकाचीही सुरुवात डळमळीत झाली. मात्र करुण नायर याने १५३ आणि यष्टिरक्षक सी. एम. गौतम याने ७३ धावा करून डाव सावरला. कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. गुरबानीने ९४ धावांत पाच, तर उमेश यादवने ७३ धावांत चार गडी बाद केले. कर्नाटकाला ११६ धावांची आघाडी मिळाली.

विदर्भाचा दुसरा डाव एखाद्या मोठ्या शतकावर उभा राहिला नाही. गणेश सतीश याने आपल्या जुन्या संघाविरुद्ध ८१ धावा केल्या. अपूर्व वानखडे याने त्याच्या जोडीला मधल्या फळीत उपयुक्त खेळी केली. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे याने खालच्या क्रमांकावर येऊन ५५ धावा जोडल्या. विदर्भाने एकूण ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकासमोर विजयासाठी १९८ धावांचे लक्ष्य ठेवले.

एरवी कर्नाटकाच्या फलंदाजीला हे लक्ष्य अवघड नव्हते. परंतु चौथ्या दिवशी गुरबानीने अचूक टप्पा आणि स्विंग यांच्या जोरावर आघाडीची व मधली फळी कापून काढली. दिवसअखेर कर्नाटकाची अवस्था ७ बाद १११ झाली. शेवटच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा आणि विदर्भाला तीन बळी हवे होते.

पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार विनय कुमार ३६ धावांवर बाद झाला तेव्हा सामना विदर्भाच्या हाती आल्यासारखा वाटला. पण श्रेयस गोपाल आणि मिथुन यांनी नवव्या गड्यासाठी ४८ धावा जोडल्या आणि कर्नाटकाला विजयाच्या उंबरठ्यावर आणून ठेवले. अवघ्या ९ धावा उरल्या असताना गुरबानीने मिथुनला ३३ धावांवर बाद केले. धावसंख्या १९२ असताना अखेरचा फलंदाज श्रीनाथ अरविंद याचाही बळी त्यानेच मिळवला. श्रेयस गोपाल २४ धावांवर नाबाद राहिला. त्या सकाळी पडलेले तिन्ही बळी गुरबानीचे होते आणि डावातील त्याची कामगिरी ६८ धावांत ७ बळी अशी होती.

संक्षिप्त धावफलक

विदर्भ : १८५ आणि ३१३
कर्नाटक : ३०१ आणि १९२
निकाल : विदर्भ ५ धावांनी विजयी

अंतिम सामना

अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर २९ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाला. सात वेळा विजेत्या दिल्लीचे नेतृत्व ऋषभ पंत करत होता आणि गौतम गंभीरही संघात होता. ध्रुव शोरेच्या १४५ धावांनंतरही दिल्लीचा डाव २९५ धावांत संपला. गुरबानीने ५९ धावांत सहा बळी घेतले. लागोपाठच्या तीन चेंडूंवर विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि शोरे यांचे त्रिफळे उडवून त्याने बळींची हॅटट्रिकही साधली. रणजी अंतिम सामन्यात याआधी असा पराक्रम फक्त तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी १९७२-७३ मध्ये मुंबईविरुद्ध केला होता.

विदर्भाने ५४७ धावा करून २५२ धावांची आघाडी घेतली. यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने १३३ धावा केल्या. त्याचे हे पहिले प्रथम श्रेणी शतक होते. दिल्लीचा दुसरा डाव २८० धावांत संपल्यावर २९ धावांचे लक्ष्य विदर्भाने एक गडी गमावून पार केले. १ जानेवारी २०१८ रोजी, एक दिवस राखून, विदर्भ प्रथमच रणजी विजेता ठरला. फझलने हंगामात ९१२ धावा केल्या, तर गुरबानीने ३९ बळी मिळवले.

कारणमीमांसा

पाच दिवसांच्या क्रिकेटमध्ये दुबळ्या संघाने बलाढ्य संघाला हरवणे एकदिवसीय किंवा टी-ट्वेंटी सामन्याच्या तुलनेत अवघड असते. वीस षटकांच्या सामन्यात एका फलंदाजाची अर्ध्या तासाची खेळी निकाल फिरवू शकते. चार डावांच्या सामन्यात बलाढ्य संघाला चूक सुधारण्याची दुसरी संधी मिळते आणि दुबळ्या संघाची उणीव केव्हातरी उघडी पडतेच. त्यामुळे असा विजय बहुधा आधीच्या तयारीकडे बोट दाखवतो.

विदर्भाच्या बाबतीत ही तयारी अनेक वर्षे चालली होती. नागपूरजवळ जामठा येथे मोठे स्टेडियम उभे राहिले आणि २००८ मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. त्याच सुमारास विदर्भ क्रिकेट संघटनेने होतकरू मुलांसाठी निवासी अकादमी सुरू केली. भारताकडून खेळलेले नागपूरचे वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य यांनी खेळाडू घडवण्याच्या या कामात पुढाकार घेतला. मोठा प्रदेश, दूरदूरची गावे आणि मोजकी मैदाने यांमुळे विखुरलेले गुण एका जागी घडवण्याची सोय त्यातून झाली.

दुसरे कारण अनुभवाचे होते. जाफर आणि सतीश यांच्याकडे मोठे सामने जिंकणाऱ्या संघांतील संस्कार होते. पंडित यांनी कडक शिस्त आणली आणि बाद फेरी गाठण्यात समाधान मानण्याची वृत्ती मोडली. तिसरे कारण म्हणजे वेगवान गोलंदाजी. अभियांत्रिकीचा पदवीधर असलेला गुरबानी तेव्हा २४ वर्षांचा होता आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये नवखाच होता. त्याच्याविषयी प्रतिस्पर्ध्यांना फारशी माहिती नव्हती, हाही विदर्भाचा लाभ ठरला.

तथापि, पाच धावांच्या विजयात दैवाचा वाटा नाकारता येत नाही. मिथुन आणि श्रेयस गोपाल यांची भागीदारी आणखी दोन-तीन चौकार टिकली असती, तर हीच तयारी पराभवाच्या खात्यात जमा झाली असती. एका सामन्याच्या निकालावरून संघाची उंची ठरत नाही. ती पुढील काळात पारखावी लागते.

उत्तरकाल

ती पारख लवकरच झाली. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भाने नागपूरमध्ये सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विजेतेपद राखले. या सामन्यात सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत बाद केले. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले. पुढच्याच हंगामात विदर्भाने उपांत्य फेरीत मुंबईवर मात केली आणि मार्च २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या आधारे तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात विदर्भाकडून १३५ धावा करणारा फलंदाज होता करुण नायर. २०१७ मध्ये कर्नाटकाकडून दीडशतक ठोकूनही पराभव पाहिलेला हा खेळाडू नंतर विदर्भात दाखल झाला होता. कर्णधार होता २०१७-१८ च्या अंतिम सामन्यातील शतकवीर अक्षय वाडकर.

पंडित यांनी पुढे मध्य प्रदेशाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. २०२१-२२ मध्ये मुंबईला हरवून मध्य प्रदेशाने आपले पहिले रणजी विजेतेपद मिळवले.

तत्सम उदाहरणे

रणजी करंडकात याआधीचे गाजलेले उदाहरण १९९०-९१ च्या अंतिम सामन्याचे आहे. कपिल देवच्या नेतृत्वाखालील हरियाणाने वानखेडे स्टेडियमवर मुंबईला २ धावांनी हरवले. ३५५ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करणाऱ्या मुंबईचा दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिला.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये २००८ साली कॅलिफोर्नियाच्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाने असाच प्रवास केला. प्राथमिक गटातील चार संघांत त्यांना शेवटचे, चौथे मानांकन होते. ओमाहा शहरात जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध झालेल्या तीन सामन्यांच्या अंतिम लढतीत पहिला सामना गमावूनही त्यांनी पुढचे दोन १९-१० आणि ६-१ असे जिंकले. चौथे मानांकन असलेल्या संघाने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. तेथे पहिल्या पराभवानंतर सावरायला दुसरा सामना होता. विदर्भाला कोलकात्यात ती सवलत नव्हती. पहिल्या डावातील पिछाडी त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात भरून काढावी लागली.