रात्रीचे स्थलांतर : रायगड किनाऱ्यावरील पक्ष्यांची ओळख आणि नोंद

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील पक्ष्यांविषयी जे लेखन झाले आहे, त्याचा बहुतांश भाग दिवसा पाहिलेल्या पक्ष्यांविषयी आहे. उरणच्या पाणजे येथील पाणथळ, धरमतरची खाडी, अलिबाग व रेवदंड्याची पुळण, मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य आणि पनवेलजवळचे कर्नाळा या ठिकाणी अभ्यासक सकाळी जातात, दुर्बिणीतून पाहतात आणि यादी करतात. ही पद्धत सदोष नाही. मात्र तिच्यातून हाती येते ती उतरलेल्या पक्ष्यांची यादी. जे पक्षी किनाऱ्यावरून न थांबता पुढे गेले, त्यांचा मागमूस तिच्यात राहत नाही. बहुसंख्य लहान वनपक्षी, अनेक कोकिळकुलीन पक्षी, बदके आणि चिखलात चरणारे वेडर वर्गातील पक्षी आपल्या प्रवासाचा मोठा भाग रात्री करतात. त्यामुळे एखाद्या बंदराचा, पुलाचा वा विमानतळाचा पक्ष्यांवर काय परिणाम झाला हे केवळ दिवसाच्या गणनेवरून ठरवू पाहणे म्हणजे रात्रपाळीच्या कामगारांना वगळून कारखान्याची हजेरी घेण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची ओळख कशी पटवावी आणि रायगडच्या किनाऱ्यावर अशा नोंदी घेताना कोणत्या स्थानिक बाबी ध्यानात ठेवाव्यात, याचा परामर्श घेतला आहे.

रात्रच का?

पक्षी रात्री प्रवास करतात याची कारणे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाली आहेत. पंख सतत हलविल्याने शरीरात निर्माण होणारी उष्णता रात्रीच्या गार हवेत सहज निघून जाते आणि पाण्याची बचत होते. हवेतील खळबळ कमी असते. ससाण्यांसारखे शिकारी बहुधा विसावलेले असतात आणि दिवसाचा वेळ अन्न मिळविण्यास मोकळा राहतो. दिशा ठरविण्यासाठी पक्षी तारकांचा उपयोग करतात, हे स्टीफन एम्लेन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तारांगणात केलेल्या प्रयोगांतून दाखविले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोगही ते करतात, हे त्याआधीच जर्मन संशोधकांच्या कामातून पुढे आले होते.

रायगडच्या आकाशातून जाणारे प्रवासी एकाच दिशेचे वा एकाच ऋतूचे नाहीत. ऑगस्टच्या अखेरीपासून मध्य आशिया व सायबेरियाकडून वेडर पक्षी येऊ लागतात आणि एप्रिल-मेपर्यंत परततात. नोव्हेंबरच्या सुमारास अमूर ससाणे ईशान्य भारतातून निघून भारतीय द्वीपकल्प ओलांडतात व अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. हा पल्ला ते रात्रंदिवस न थांबता उडत पार करतात. मे-जूनमध्ये नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून चातक येतो. याच सुमारास नवरंग आणि तिबोटी खंड्या कोकणातील जंगलांत विणीसाठी दाखल होतात. म्हणजे ज्या महिन्यांत पक्षीनिरीक्षक दुर्बिणी कपाटात ठेवतात, त्या पावसाच्या तोंडावरच रायगडचे काही सर्वांत लक्षणीय रात्रप्रवासी येथे पोहोचतात.

कानाने ओळख

रात्री उडणारे अनेक पक्षी आपसांत संपर्क ठेवण्यासाठी छोटे आवाज काढतात. हे गाणे नव्हे. लहान वनपक्ष्यांच्या बाबतीत तो सेकंदाच्या एका अंशापुरता टिकणारा चिवचिवाट असतो. ऑरिन लिबी यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे एका रात्रीत असे सुमारे ३,८०० आवाज मोजले होते आणि तेही केवळ कानाने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड ग्रेबर व विल्यम कॉक्रन यांनी ध्वनिमुद्रणाची जोड दिली. आज साधा ध्वनिमुद्रक व आकाशाकडे रोखलेला मायक्रोफोन यांवर हे काम होऊ शकते. मुद्रित आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे काळ व कंप्रता दाखविणारा आलेख काढला की कानाला सारखे भासणारे दोन आवाज डोळ्यांना वेगळे दिसतात.

रायगडच्या किनाऱ्यावर आरंभ वेडर पक्ष्यांपासून करणे सोयीचे आहे, कारण त्यांचे उडतानाचे आवाज रात्री व दिवसा जवळपास तेच असतात. व्हिंब्रेलची एकाच पट्टीतील सलग सहा-सात शिट्ट्यांची माळ, हिरव्या पायांच्या टिलव्याची तीन ठसठशीत सुरांची हाक, सोनचिखल्याची दोन भागांची चढती शीळ आणि कर्ल्यूची नावातच उतरलेली आर्त हाक हे आवाज हिवाळ्यात रेवदंड्याच्या खाडीवर दिवसा ऐकून पाठ करता येतात. दिवसा तयार केलेला हा कान रात्री उपयोगी पडतो.

त्याआधी एक गाळणी मात्र आवश्यक आहे. येथील रात्र स्थानिक पक्ष्यांच्याच आवाजाने भरलेली असते. टिटवी रात्रभर ओरडते. तिच्या ओरडण्याला अशुभ मानण्याची जुनी समजूत मुळात ती रात्री जागी असते या निरीक्षणावरच उभी आहे. करवानकाच्या शिट्ट्या कर्ल्यूशी गोंधळ करवितात. रातबगळा उडताना घोगरा 'क्वॉक' करतो, रातवा ठोके देतो. या निवासी पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह आधी तयार झाला नाही, तर स्थलांतराच्या नावाखाली गावातल्याच पक्ष्यांची गणना होईल. संगणकीय ओळख-प्रणाली आता सहज उपलब्ध आहेत. त्यांचे उत्तर हे गृहीतक मानावे आणि मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. ज्याची तपासणी पुन्हा करता येत नाही, ती नोंद शास्त्रीय अर्थाने नोंद नव्हे.

भरतीचा प्रश्न

परदेशी हस्तपुस्तिकांत फारसा न सापडणारा आणि रायगडला टाळता न येणारा प्रश्न भरती-ओहोटीचा आहे. चिखलात चरणारे पक्षी घड्याळ पाळतात ते सूर्याचे नव्हे, पाण्याचे. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर ते रात्रीही चरतात आणि भरती चढली की विसाव्याच्या जागी जातात. पाणजे, भेंडखळ व बेलपाडा येथील पाणथळी अशा विसाव्याच्या जागा म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांतील काही भरावामुळे आक्रसल्या आहेत. अशा वेळी रात्री अकरा वाजता ऐकू आलेली टिलव्यांच्या थव्याची हाक सायबेरियाच्या प्रवासाची की दोन किलोमीटरच्या स्थलांतराची, हे निव्वळ आवाजावरून सांगता येत नाही.

येथे कोळी समाजाचे पिढीजात गणित कामी येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास मिळतो : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. प्रत्येक नोंदीसमोर तिथी व भरतीची वेळ लिहिली, तर भरतीबरोबर वाढणारे आवाज आणि भरतीशी संबंध नसलेले आवाज कालांतराने आपोआप वेगळे होतात. भांगाच्या रात्री, पाणी फारसे हलत नसताना, ऐकू आलेल्या थव्यांना स्थलांतराचा पुरावा म्हणून अधिक वजन द्यावे.

हीच अडचण चंद्रनिरीक्षणातही येते. जॉर्ज लोअरी यांनी १९४० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत अत्यंत साधी आहे. वीस-तीस पट दाखविणारी दुर्बीण पूर्ण चंद्रावर रोखायची आणि चंद्रबिंबासमोरून जाणाऱ्या पक्ष्यांच्या सावल्या मोजायच्या. चंद्रबिंब घड्याळाची तबकडी मानून पक्षी 'पाचवर शिरला, अकरावर निघाला' असे लिहायचे. चंद्राची आकाशातील स्थिती ठाऊक असल्यास त्यावरून उड्डाणाची दिशा काढता येते. परंतु चंद्रनिरीक्षणाला उत्तम अशी पौर्णिमेची रात्र हीच उधाणाची रात्र असते आणि मध्यरात्रीच्या भरतीपूर्वी खाडीकाठचे पक्षी मोठ्या संख्येने हलत असतात. त्यामुळे हे काम खाडीच्या तोंडाशी न करता किनाऱ्यापासून आत, शक्यतो डोंगरउतारावरून करणे श्रेयस्कर. भरतीने हललेले थवे सहसा खालून आणि ठरलेल्या जागांच्या दरम्यान उडतात. स्थलांतर करणारे उंचावरून जातात व तासन्तास एकच दिशा धरतात. सावलीचा आकार व बिंब ओलांडण्यास लागलेला वेळ यांवरून हा फरक बराचसा कळतो.

दिवे आणि नवरंग

काही रात्रप्रवासी मात्र स्वतःहून घरात येतात. थकलेला नवरंग इमारतीच्या जिन्यात, व्हरांड्यात वा दिव्याखाली सापडल्याच्या घटना मे-जूनमध्ये व पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास देशाच्या अनेक भागांत घडतात. हिरव्या-निळ्या अंगाचा, पोटाखाली लाल आणि आखूड शेपटीचा हा पक्षी ओळखण्यास शंका राहत नाही. पहाटे व संध्याकाळी शीळ घालण्याच्या सवयीमुळे तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताचा पक्षी' या अर्थाचे नाव आहे; प्रवास मात्र तो रात्री करतो. तिबोटी खंड्याही काचेवर आपटून बेशुद्ध पडलेला आढळतो. ढगाळ, पावसाळी रात्री तारे झाकले जातात, पक्षी खालून उडतात आणि अशा वेळी दिव्यांकडे ओढले जाण्याचे प्रमाण वाढते. कोकणात नवरंगाच्या आगमनाचा काळ नेमका हाच आहे.

प्रकाशाचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचे मोजमाप न्यूयॉर्कमधील स्मृतिप्रकाशाच्या झोतांवर झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात वर्षांतील सात रात्रींत सुमारे ११ लाख पक्षी प्रभावित झाल्याचा अंदाज आहे. दिवे मालवताच काही मिनिटांत थवे पांगत, हे त्यातील अधिक महत्त्वाचे निरीक्षण. रायगडच्या किनाऱ्यावर एकेकाळी रात्रीचा ठळक प्रकाश म्हणजे खांदेरी बेटावरील १८६७ चे दीपगृह. त्यानंतर १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. या प्रत्येक टप्प्यापूर्वीची रात्रीची नोंद हाताशी असती, तर आज तुलना शक्य झाली असती. ठाणे खाडी परिसरातील रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, रात्रीही उडतात. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला त्यांचा थवा धडकला आणि घाटकोपर परिसरात ३९ पक्षी मृत आढळले. ही खाडी व उरणच्या पाणथळी पक्ष्यांच्या दृष्टीने एकाच परिसराचे भाग आहेत. त्यामुळे रात्रीच्या उड्डाणमार्गांची माहिती हा केवळ पक्षीप्रेमाचा विषय उरत नाही. विमानातील प्रवाशांच्या सुरक्षिततेशीही तिचा संबंध येतो.

अलिबागची वेधशाळा

चुंबकीय दिशाज्ञानाच्या संदर्भात रायगडला एक दुर्मीळ संधी उपलब्ध आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. दोन्ही ठिकाणी काही काळ समांतर नोंदी घेऊन मग काम अलिबागला स्थिरावले. विद्युत गोंगाटापासून उपकरणे दूर नेण्याचा हा निर्णय होता. पक्ष्यांच्या बाबतीत हाच प्रश्न फार उशिरा पुढे आला. जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले, की शहरी विद्युत्-चुंबकीय गोंगाटात युरोपीय रॉबिन पक्ष्यांचे चुंबकीय दिशाज्ञान हरपते आणि पिंजऱ्यांची खोली धातूच्या पत्र्याने झाकून तो पत्रा जमिनीशी जोडला की ते परत येते. २०२३ मधील एका अमेरिकी अभ्यासात भूचुंबकीय खळबळीच्या काळात रात्रीच्या स्थलांतराचे प्रमाण ९ ते १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

अलिबागच्या नोंदींची अखंड परंपरा शतकाहून जुनी आहे आणि ती चालविणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. पक्ष्यांच्या रात्रीच्या नोंदी आणि भूचुंबकीय नोंदी एकाच जिल्ह्यात जुळवून पाहता येतील, अशी ठिकाणे जगात फार नाहीत. प्राणिशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र करावा असा हा प्रकल्प आहे.

रडार, खुणा आणि नोंदवही

डॉप्लर हवामान रडारवर पावसाबरोबर पक्ष्यांचे थवेही दिसतात. मुंबईतील रडारच्या टप्प्यात रायगडचा बराचसा किनारा येतो. मात्र रडार जाती सांगत नाही. कीटक व वटवाघळे वगळण्यासाठी वाऱ्याच्या तुलनेत वेग तपासावा लागतो. जात व व्यक्ती निश्चित सांगते ते कडे आणि उपग्रह-खूण. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचे काम १९२७ मध्ये सुरू केले, १९५९ पासून सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली ते मोठ्या प्रमाणावर झाले आणि २०२२ मध्ये सहा फ्लेमिंगोंना उपग्रह-खुणा लावल्या गेल्या. ही साधने महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची आहेत. परंतु त्याच सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीवर केलेले मूलगामी काम एका जागी दीर्घकाळ बसून पाहण्यातून झाले, हेही विसरता येत नाही.

महाविद्यालयाच्या गच्चीवर एक मायक्रोफोन कायम ठेवून सप्टेंबर ते नोव्हेंबर, मार्च-एप्रिल आणि १५ मे ते ३० जून या काळात सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत मुद्रण करता येते. पावसात मायक्रोफोनवर पातळ आच्छादन पुरते. नोंदवहीत तारीख, तिथी, भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, ढग, आसपास चालू असलेले दिवे आणि यंत्र किती तास चालले हे लिहावे. आवाज न मिळालेल्या रात्रीही लिहाव्यात, कारण त्यांच्यावाचून मिळालेल्या रात्रींचा अर्थ लागत नाही. सकाळी इमारतीभोवती फेरी मारून काचेला वा दिव्याला धडकलेले पक्षी पाहावेत. जिवंत पक्षी अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवून वनविभागाला कळवावे. मृत पक्ष्याचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लक्षात घेता परवानगीशिवाय तो संग्रहात ठेवू नये. पक्षी इमारतीच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या दिव्याखाली सापडला, हेही त्याच दिवशी लिहून ठेवावे.