लँकशायर : कापूस न पिकविणारा कापसाचा मुलूख

इंग्लंडच्या वायव्य भागांत लँकशायर नांवाचा एक जुना परगणा आहे. अशा परगण्यास इंग्रजींत काउंटी म्हणतात. ह्या परगण्यांत कापसाचें एक बोंडही पिकत नाहीं. तरी एकोणिसाव्या शतकांत जगास कापड पुरविणारा मुलूख अशी त्याची ख्याति होती. हें कसें घडलें, ह्याचें उत्तर पुष्कळ अंशीं तेथील भूगोलांत सांपडतें. म्हणून विद्यार्थ्यांनीं नकाशा पुढें घेऊनच हा लेख वाचावा.

पश्चिमेस आयरिश समुद्र, पूर्वेस पेनाइन डोंगर व त्यांपलीकडे यॉर्कशायर, दक्षिणेस मर्सी नदी व तिच्या पैलतीरीं चेशायर, अशा ह्या परगण्याच्या जुन्या सीमा होत. उत्तरेकडील फर्नेस हा भाग मोरकँबच्या उपसागरामुळें बाकीच्या परगण्यापासून तुटलेला आहे. ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या वाळूवरून पूर्वीं लोक तिकडे जात. म्हणून त्यास ‘वाळूपलीकडील लँकशायर’ असें नांव पडलें. ल्यून नदीच्या कांठीं रोमन लोकांचें ठाणें होतें. तेथेंच पुढें लँकॅस्टर शहर वसलें, आणि त्या शहरावरून परगण्यास नांव मिळालें.

समुद्रावरून येणारे वारे पेनाइन डोंगरांस अडतात, त्यामुळें येथील हवा दमट असते. अशा हवेंत सूत सहसा तुटत नाहीं. डोंगरांतील ओढ्यांनीं आरंभीं यंत्रांचीं चाकें फिरविलीं. पुढें वाफेचीं यंत्रें आलीं, तेव्हां लागणारा दगडी कोळसाही जवळच निघाला. ह्या सृष्टिदत्त अनुकूलतेस मनुष्याच्या बुद्धीची जोड मिळाली. ब्लॅकबर्नजवळ राहणाऱ्या हारग्रीव्ह्जनें एका वेळीं अनेक धागे कातणारें यंत्र काढलें. प्रेस्टन येथें जन्मलेल्या आर्कराइटनें १७६९ सालीं पाण्यावर चालणाऱ्या सूतयंत्राची सनद मिळविली. आणि बोल्टनच्या क्रॉम्प्टननें १७७९ च्या सुमारास दोन्हींचे गुण एकत्र केले.

मग गांवोगांव कामें वांटलीं गेलीं. ओल्डहॅम व बोल्टन सूत कातूं लागलीं. ब्लॅकबर्न व बर्नली कापड विणूं लागलीं. विगननें कोळसा पुरविला. मँचेस्टर ही व्यापाराची पेठ झाली, तर मर्सीच्या मुखावरील लिव्हरपूल हें बंदर. १८३० सालीं ह्या दोन शहरांमध्यें आगगाडी सुरू झाली. १८९४ सालीं ३६ मैलांचा कालवा पुरा होऊन समुद्रांतील जहाजें थेट मँचेस्टरपर्यंत येऊं लागलीं. गिरणीकामगार सुटींत समुद्रकिनाऱ्यावरील ब्लॅकपूल येथें जात. तेथील उंच लोखंडी मनोराही १८९४ सालचाच आहे.

परंतु ह्या वैभवाची दुसरी बाजूही ध्यानांत ठेविली पाहिजे. १८०७ सालीं कायद्यानें बंदी होईपर्यंत लिव्हरपूलचीं जहाजें आफ्रिकेंतील माणसें गुलाम म्हणून वाहून नेत असत. आणि त्यानंतरही गिरण्यांत येणारा बहुतेक कापूस अमेरिकेंतील गुलामांनीं पिकविलेलाच असे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली व कापूस येईनासा झाला. गिरण्या थंडावल्या. लक्षावधि कामगार व त्यांचीं मुलेंबाळें दानधर्मावर जगूं लागलीं. अशा स्थितींतही ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टरच्या कामगारांनीं सभा भरवून गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या लिंकनसाहेबांस पाठिंब्याचें पत्र धाडलें. परगण्यांत सर्वांचें मत तसें नव्हतें. पण स्वतःच्या घरांत चूल पेटत नसतां परक्याच्या स्वातंत्र्याचा विचार करणारीं माणसें तेथें होतीं, हें विसरतां येणार नाहीं. लिंकननीं पुढच्याच महिन्यांत त्यांस कृतज्ञतेचें उत्तर लिहिलें.

त्याच संकटानें मुंबईच्या कापसाचे भाव मात्र गगनास भिडविले. व्यापाऱ्यांच्या हातीं अपार पैसा खेळूं लागला. १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळले व अनेक पेढ्या बुडाल्या. अशा रीतीनें लँकशायरची उपासमार व मुंबईची चंगळ हीं एकाच धाग्याचीं दोन टोकें होतीं.

पुढें हिंदुस्थानांत गिरण्या वाढल्या व विलायती कापडावर बहिष्कार पडला. त्याची झळही लँकशायरच्या कामगारांस लागली. १९३१ च्या सप्टेंबरांत गांधीजी डार्वन येथें जाऊन त्यांस भेटले. ज्यांचा रोजगार बुडाला होता, त्यांनींच त्यांचें प्रेमानें स्वागत केलें. आणि गांधीजींनींही हिंदुस्थानांतील त्याहून घोर दारिद्र्याची हकीकत त्यांस उघडपणें सांगितली.

१९७४ सालीं ह्या परगण्याची वांटणी होऊन मँचेस्टर, लिव्हरपूल व फर्नेस त्यांतून निराळे झाले. कापडाच्या बहुतेक गिरण्याही आतां बंद पडल्या आहेत. तथापि अंगावरील साध्या सदऱ्याचें सूत किती देशांच्या सुखदुःखांतून ओवलें जातें, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यानें लँकशायरचा जुना नकाशा एकवार अवश्य पाहावा.