लेकराला गणिताची गोडी आहे. घरी कोणते पुस्तक घ्यावे?

काही मुलांना गोष्टींपेक्षा आकडे जास्त आवडतात. जिना चढताना ती पायऱ्या मोजतात, बसच्या पाटीवरचे नंबर पाठ करतात आणि रात्री अंथरुणात पडल्यावर विचारतात, "आई, सगळ्यात मोठा आकडा कोणता गं?" असे पाच-सहा वर्षांचे लेकरू घरात असले की आईवडिलांना आनंद होतो, तशी काळजीही लागते. शाळेतला वर्ग मोठा असतो आणि बाईंना मागे पडलेल्या मुलांकडे आधी पाहावे लागते. हे लेकरू मात्र दोन मिनिटांत उदाहरण सोडवून खिडकीबाहेर बघत बसते. मग शेजारी सांगतात, अबॅकसचा क्लास लावा. कुणी सांगते, इंग्रजीतला महागडा संच घ्या. बाप जादा पाळी करून पैसे भरायला निघतो. आमचे सांगणे एवढेच, की पैसे भरण्याआधी थोडे थांबावे.

इंग्लंड-अमेरिकेत काही कुटुंबे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात आणि त्यासाठी एकेका विषयाचा वेगळा अभ्यासक्रम निवडतात. शाळा सोडण्याचा हा मार्ग आपल्याला परवडणारा नाही. ज्या शाळेचा उंबरठा ओलांडायला आपल्या पणजोबांना मनाई होती, ती शाळा आपण लढून मिळवली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. दाखला, शिष्यवृत्ती, दुपारचा आहार, बरोबरीची मुले हे सारे शाळेतच मिळते. म्हणून शाळा सोडायची नाही. पण शाळा सुटल्यावरचा अर्धा तास आपल्या हातात आहे. त्या अर्ध्या तासासाठी निवड नीट केली पाहिजे.

ही निवड लहान वाटते, पण तिच्यामागे मोठी गोष्ट आहे. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना शिक्षकांनी त्यांना एक उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले. त्याबरोबर वर्गात गोंधळ उडाला, कारण सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. ते विटाळतील म्हणून मुले धावली, डबे बाजूला केले आणि मगच भीमराव फळ्याशी जाऊ शकले. त्याच विद्यार्थ्याने पुढे रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळवली आणि तो ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. सरकारच्या चलनाचा हिशोब त्यांनी आकड्यांनिशी तपासला. "गणित आपल्या माणसाचे काम नव्हे" असे आजही कुणी आपल्या लेकराला सुचवले, तर हा इतिहास त्याला सांगावा.

आता पुस्तकांकडे वळू. पाठीच्या कण्यासारखे एकच पुस्तक ठेवावे, आणि ते बालभारतीचे असावे. जिल्हा परिषद व नगरपालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीची पुस्तके मुलांना मोफत मिळतात. पुढच्या इयत्तेची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात, किंवा वस्तीतल्या मोठ्या मुलाकडून जुनी प्रत मागून आणता येते. दहा पुस्तकांतली दहा-दहा पाने करण्यापेक्षा एक पुस्तक शेवटपर्यंत केलेले बरे.

लेकरू कोणत्या पायरीवर आहे हे कसे ओळखावे? चालू इयत्तेच्या पुस्तकातले शेवटचे दोन धडे त्याच्यापुढे ठेवावेत. उदाहरणे आपली आपण सोडवून "असे का केले" हेही सांगता आले, तर पुढच्या इयत्तेचे पुस्तक उघडावे. जिथे तो अडेल तिथे थांबावे. ती त्याची जागा. उत्तर बरोबर आले पण कारण सांगता आले नाही, तर तो धडा अजून झालेला नाही असे समजावे. तिसापर्यंत पाढे घडाघडा म्हणणारे लेकरू सात चोक किती हे चटकन सांगते. पण सात-सात मण्यांच्या चार ओळी मांडून दाखव म्हटले की गोंधळते, असेही असू शकते.

मराठी आकड्यांची एक अडचण आईवडिलांनी ध्यानात ठेवावी. 'बासष्ट' म्हणताना आपण आधी दोन उच्चारतो आणि मग साठ, पण लिहिताना आधी सहा लिहितो. 'एकोणतीस' म्हणताना तर तिसाला एक कमी असे सांगतो, आणि लिहितो मात्र दोन आणि नऊ. म्हणून ६२ ऐवजी २६ लिहिणारे लेकरू मठ्ठ नसते, ते जसे ऐकते तसे लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा बरीच टीका झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले होते. घरी दोन्ही शब्द वापरावेत: "बासष्ट, म्हणजे साठ आणि दोन." लेकराची वाट सोपी होते.

जोडीला दुसरे पुस्तक हवे असेल तर दिल्लीच्या एन. सी. ई. आर. टी. ची हिंदी पुस्तके पाहावीत. तीही संकेतस्थळावर मोफत आहेत. पहिली-दुसरीसाठी २०२३ साली 'आनंदमय गणित' आले. त्याआधीची 'गणित का जादू' ही मालिका कुठे जुन्या पुस्तकांत मिळाली तर जरूर घ्यावी. तिच्यातल्या चौथीच्या पुस्तकात विटांच्या रचनेवर एक धडा आहे आणि भंगाराचा धंदा करणाऱ्या बाईच्या हिशोबावर दुसरा. पाचवीच्या पुस्तकात मासे आणि कोळी यांचे गणित आहे. आपल्या आईबापांचे काम छापील पुस्तकात गणित म्हणून आलेले पाहिले की लेकराची मान ताठ होते.

तिसरी गोष्ट विकत घ्यायची नाही, घरातच आहे. सुक्या वाटाण्यांचे २४ दाणे घ्या आणि सारख्या ओळींत मांडायला सांगा. दोन ओळी बाराच्या होतात, तीन आठच्या, चार सहाच्या. आता एक दाणा काढून घ्या. २३ दाण्यांच्या सारख्या ओळी काही केल्या होत नाहीत. एकच लांब ओळ होते, नाहीतर एकेका दाण्याच्या २३ ओळी होतात. कोणते आकडे असे हट्टी आहेत, हे लेकरू स्वतः शोधू लागेल. मोठे झाल्यावर त्यांना मूळ संख्या म्हणतात हे कळेलच. अशोकचक्राचे आरेही २४ आहेत. घड्याळाचे आकडे १२. मग घड्याळाच्या एका घरात चक्राची किती घरे बसतील?

सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या गुल काढलेल्या काड्या जोडून त्रिकोण व चौकोन करता येतात. चौकोन बोटाने दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पत्र्याच्या छपराखालच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे त्यातून उमगते. अशी खेळणी अरविंद गुप्ता यांनी देशभरच्या मुलांना शिकवली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही मोफत मिळतात. रेशनच्या दुकानातही धडा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. कार्डावर सहा नावे असतील तर किती मिळाले पाहिजे, आणि पावतीवर किती लिहिले आहे, हे लेकराला तपासू द्या.

अबॅकसने बेरीज-वजाबाकीचा वेग येतो, हे खरे. पण वेग म्हणजे गणित नव्हे. कोणताही क्लास किंवा संच निवडताना तीन प्रश्न विचारावेत. यात "का?" विचारायला जागा आहे का? एकच उदाहरण दोन रीतींनी सोडवू देतात का? आणि चुकल्यावर लेकराला पुन्हा करून पाहावेसे वाटते, की ते रडत घरी येते? भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. गणित शिकण्याची याहून चांगली रीत आम्हाला ठाऊक नाही.

एक गोष्ट मातांसाठी. "मला लिहितावाचता येत नाही, मी काय शिकवू?" असे म्हणू नका. भाकरी थापता थापता एवढेच विचारा, "हे मला समजावून सांग बरं." लेकराला आईला समजावता आले, तर त्याला ते समजले. आणि मुलगी असेल तर तिला भांड्यांसाठी उठवण्याआधी तिचा अर्धा तास पुरा होऊ द्या. आकड्यांचे वेड मुलगा-मुलगी पाहून लागत नाही.

सुरुवात आजच करता येईल. बालभारतीचे एक पुस्तक, एक कोरी वही, मूठभर वाटाणे आणि दिवसाचा अर्धा तास. आगाऊ भरायचे ठरवलेले क्लासचे पैसे पोस्टात लेकराच्या नावाने ठेवा, आणि महिन्याला किती जमले याचा हिशोब त्यालाच लिहू द्या.