सारथ्यासह आणि सारथ्याविना

आगगाडी अमरावतीस टाळून गेली, येथूनच वऱ्हाडातील भाड्याच्या वाहनांची कथा सुरू करावयास हरकत नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळहून नागपुरास पोहोचला, तेव्हा अकोल्याच्या वाट्यास मुख्य मार्गावरचे स्थानक आले. परंतु कापसाच्या व्यापारामुळे मातबर झालेल्या अमरावतीस नऊ-दहा किलोमीटरांवरील बडनेऱ्यावर भागवावे लागले, आणि पुढे बडनेरा-अमरावती असा लहानसा फाटा घातला गेला तरी मुख्य मार्गावरील पुष्कळ गाड्या आजही बडनेऱ्यावरूनच पुढे जातात. दमणी गेली, टांगा गेला, सायकलरिक्षाही गेली; परंतु स्थानकाबाहेर पाऊल टाकताच कानी पडणारा ‘कुठी जाचं हाय भाऊ?’ हा सवाल कायम राहिला. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे विमान उतरू लागले, एवढ्यापुरती त्या सवालाची हद्द वाढली.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, या मुलखातील मुलेमुली शिक्षणास्तव व नोकरीनिमित्त फ्रान्सपर्यंत जाऊ लागली आहेत, आणि त्यांच्या भेटीस गेलेली मंडळी लियों किंवा तुलूझसारख्या शहरात उतरल्यावर, घरी चिखलदऱ्यास जाण्यासाठी मोटार ठरवतो तशीच तेथेही ठरवू, अशा सहज समजुतीने वावरतात. दोन्हीकडे मोटार मिळते आणि दोन्हीकडे भाडे पडते. परंतु पैसे मोजून आपण नेमके काय घेतो, याचे उत्तर मात्र दोन्हीकडे सर्वस्वी निराळे आहे.

आपल्याकडची रीत प्रथम पाहू. अमरावतीस किंवा अकोल्यास मोटार ठरविणारा गृहस्थ मोटारीविषयी फारसे विचारीत नाही. तो विचारतो की चालवणारा कोण येणार. बोली दोन प्रकारची असते. एकीत दर किलोमीटरला अमुक, दिवसाचे किमान किलोमीटर अमुक, चालकाचा भत्ता व रात्रीचा मुक्काम वेगळा, आणि पथकर गिऱ्हाइकाच्या माथी. दुसरीत गाडीचे दिवसाचे भाडे ठोक, आणि डिझेल आपले. ‘जाऊन-येऊन का मुक्कामी?’ एवढ्या एका प्रश्नावर अर्धा व्यवहार उरकतो, थोडा विसार हाती दिला जातो, आणि पहाटे पाचची वेळ ठरून साडेपाचला गाडी दारात उभी राहते. कागद होत नाही. सारा करारनामा तोंडी असतो, आणि बहुतेक वेळा तो पाळला जातो, याचे मला अद्याप नवल वाटते.

चालकाला एवढे महत्त्व का, हे परतवाड्याच्या पुढे गेल्यावाचून समजत नाही. अमरावतीहून परतवाडा पन्नासएक किलोमीटर, आणि तेथून चिखलदऱ्यास चढणाऱ्या वाटा दोन: एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी, धुके घाटावर उतरलेले असताना आणि निम्मे वऱ्हाड एकाच वेळी गाविलगडचा किल्ला पाहावयास निघालेले असताना, कोणत्या वाटेने चढावे आणि कोणत्या वाटेने उतरावे, याचा निर्णय चालक परतवाड्याच्या टपरीवर चहा पिता पिता, समोरून उतरून आलेल्या दुसऱ्या चालकास दोन शब्द विचारून करतो. तेथेच तो टाकी भरून घेतो, कारण पुढे मेळघाटात पंपाचा भरवसा धरता येत नाही, आणि दूरध्वनीचे जाळे तर वळणावळणावर तुटते. घरच्या मंडळींना तो वाटेतच बजावून ठेवतो, ‘आता फोन लागनार नाही, बोलाचं ते बोलून घ्या.’ मेळघाट हा १९७३-७४ साली घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. तेथे रात्री गाडी कोठे उभी करू नये, वनखात्याच्या नाक्यावर काय सांगावे, अकोटकडून नरनाळ्याच्या किल्ल्यास जावयाचे तर पोपटखेडला किती वाजेपर्यंत पोहोचावे, हे ज्ञान कोणत्याही नकाशात छापलेले नाही. ते भाड्याच्या रकमेत समाविष्ट असते.

सपाटीवरील रस्ते मात्र झपाट्याने बदलले. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर जून २०२२ मध्ये एका मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीट अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरले गेले, आणि त्या विक्रमाची नोंद गिनेसच्या दप्तरी झाली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुला झाला. असे रस्ते असता माणसाने स्वतःच भाड्याची मोटार हाकीत जावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. मग वऱ्हाडात ती सोय इतकी विरळ का?

याचे एक कारण कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि ते फारच थोड्यांस ठाऊक असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये १९८९ साली केंद्र सरकारने चालकाविना मोटारी भाड्याने देण्याची जी योजना मुक्रर केली, तिच्यात परवाना मागणाऱ्यापाशी अखिल भारतीय पर्यटक परवान्याच्या किमान ५० मोटारी असाव्यात, अशी अट घातली. मुंबई-पुण्याच्या कंपनीस ५० मोटारी म्हणजे फारसे काही नव्हे. परंतु कर्ज काढून दोन-तीन गाड्या फिरविणाऱ्या अकोल्याच्या मालकास ती अट म्हणजे बंद दरवाजाच होय. परिणाम उघड आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे, ही त्या परवान्याच्या मोटारीची खूण, वऱ्हाडातील रस्त्यांवर क्वचितच दृष्टीस पडते. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली चालकासह मिळणारी टॅक्सी सर्वत्र दिसते. आणि या दोहोंच्या आडोशाने, पांढऱ्या पाटीची खासगी मोटार ओळखीपाळखीवर किल्लीसकट भाड्याने देण्याचा चोरटा व्यवहार चालतो. हा तिसरा मार्ग स्वस्त दिसतो, पण अपघात झाला तर खासगी वापरासाठी उतरविलेला विमा भाड्याच्या वापरास लागू नाही असे सांगून विमा कंपनी हात झटकू शकते, आणि मग मालक, गिऱ्हाईक व जखमी इसम असे तिघेही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत बसतात. काळी-पिवळी जीप हा आणखी एक निराळा मामला. तिच्यात माणसे मोजण्याची पद्धत कायद्याच्या पुस्तकाशी जुळत नाही, इतकेच म्हणून पुढे जातो.

आता फ्रान्स. मोटार चालविण्याचा परवाना ही कल्पनाच या देशाने फार लवकर रुजविली. पॅरिसच्या पोलीस खात्याने १४ ऑगस्ट १८९३ च्या हुकमान्वये चालकाची परीक्षा आवश्यक ठरविली, तेव्हा आपल्याकडे मोटार हे वाहन कोणी पाहिलेही नसेल. तेथील शहरात मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची दालने रेल्वे स्थानकास लागून असतात, आणि तेथे कोणी कोठे जावयाचे ते विचारीत नाही. विचारतात ते वय, कारण एकवीसच्या आतील गिऱ्हाइकास बहुतेक कंपन्या मोटार देत नाहीत आणि पंचविशीच्या आत असल्यास जादा आकार लावतात. पाहतात तो परवाना, किमान वर्षभराचा जुना. आणि क्रेडिट कार्डावर अनामतीची रक्कम अडकवून ठेवतात. तृतीय पक्षाचा विमा भाड्यातच येतो, परंतु मोटारीस इजा झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचा भार गिऱ्हाइकावर असतो. म्हणून किल्ली हाती येताच मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालून प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवून घ्यावा व त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. या कामी संकोच करणारा मराठी माणूस परत येताना पैसे भरतो.

मोटारीचे चक्र डाव्या हातास, वाहतूक उजव्या बाजूने, आणि गिअर, मुद्दाम स्वयंचलित मागितली नसल्यास, बहुधा हातानेच पाडावे लागतात, तेही उजव्या हाताने. हे दोन दिवसांत अंगवळणी पडते. अंगवळणी पडत नाही तो उजवीकडच्याचा हक्क. शहरातील चौकात पाटी किंवा दिवा नसेल, तर उजव्या हाताच्या गल्लीतून येणाऱ्या वाहनास आधी जाऊ द्यावयाचे, मग ती गल्ली कितीही चिंचोळी असो आणि आपला रस्ता कितीही प्रशस्त असो. अमरावतीच्या राजकमल चौकात ज्याची गाडी मोठी वा ज्याचा भोंगा मोठा त्याने पुढे जाण्याची आपली सवय तेथे थेट अपघातास कारण होते. गोल चौकात याच्या उलट: पाटी सांगते त्याप्रमाणे आत फिरत असलेल्यास हक्क, बाहेरून शिरणाऱ्याने थांबावे.

दुसरी गोष्ट वेगाची. गावाच्या नावाची तांबड्या किनारीची पाटी लागली की, वेगाचा आकडा कोठेही लिहिलेला नसला तरी, तेथून ताशी ५० किलोमीटरांची मर्यादा आपोआप सुरू होते, आणि त्याच नावावर तिरपी तांबडी रेघ मारलेली पाटी लागली की ती संपते. पॅरिसमध्ये तर ३० ऑगस्ट २०२१ पासून बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० चीच मुभा आहे. द्रुतगती मार्गावर कोरड्या हवेत १३० आणि पावसात ११०. कॅमेरा कोणाची भीडमुर्वत धरीत नाही; दंडाचा कागद प्रथम कंपनीकडे जातो, कंपनी आपले नाव-पत्ता सरकारास कळविते, आणि त्या कळविण्याचा आकार बहुधा आपल्याच कार्डातून वसूल करते. अकोल्याहून निघालेल्या टॅक्सीत मागे बसलेल्या गृहस्थास असा कागद कधी येत नाही, कारण तेथे जबाबदारी चक्रामागच्या माणसाची असते. लियोंमध्ये तो माणूस आपणच असतो.

जुन्या गावठाणात मोटार नेण्याचा मोह मात्र दोन्हीकडे सारखाच टाळावा. अमरावतीत जवाहर गेट ते अंबागेट हा परकोटाचा परिसर ज्याने मोटारीतून पार केला आहे त्यास हे समजावून सांगणे नको. फ्रान्समधील अनेक शहरांत जुन्या भागाच्या तोंडाशी जमिनीतून वरखाली होणारे लोखंडी खुंट बसविले आहेत, आणि ते रहिवाशाच्या कार्डावाचून खाली जात नाहीत. मोटार बाहेरच्या तळावर ठेवून ट्रामने आत जाणे हाच शहाणपणा.

जाण्यापूर्वीचे काम मात्र घरच्याच गावी होते. आंतरराष्ट्रीय चालक परवाना अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या परिवहन कार्यालयात मिळतो; त्यासाठी आपला चालू परवाना व पारपत्र लागते, शुल्क १००० रुपये आणि मुदत एक वर्ष. तो स्वतंत्रपणे चालत नाही, मूळ परवाना सोबत ठेवावाच लागतो. आणि फ्रान्समधील पंपावर ‘गाझोल’ असे लिहिलेले दिसेल, ते डिझेल होय. पेट्रोलच्या मोटारीत ते भरल्यास इंजिनाचा खर्च विमा देत नाही. टाकी भरून मिळालेली मोटार भरूनच परत करावयाची असते, म्हणून स्थानकाच्या अलीकडचा पंप आदल्या दिवशीच हेरून ठेवावा आणि पावती खिशात घेऊन किल्ली परत करावी.