लकव्याचा पेशंट किती सावरेल? रक्ताच्या रिपोर्टवरून काय कळतं

घरात कुणाला लकवा मारला की नातेवाईक डॉक्टरांना पहिलं विचारतात, 'पुन्हा चालतील ना?' याचं उत्तर रक्ततपासणीतून मिळावं म्हणून जगभर संशोधन सुरू आहे.

बहुतेक लकवे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतात. रक्त पोचलं नाही की मेंदूच्या पेशी मरतात आणि त्यांच्यातली प्रथिने रक्तात उतरतात. 'न्यूरोफिलामेंट लाइट' हे त्यातलंच एक. मज्जातंतूंना इजा झाली की ते पुढचे काही दिवस रक्तात वाढत जातं. जास्त वाढलं तर सुधारणा कमी, असं अभ्यासांत दिसलं आहे. पण रोजच्या उपचारात ही तपासणी अजून आलेली नाही.

दाखल होताना साखर किंवा सीआरपी जास्त असेल तरी धोका वाढतो. मात्र सीआरपी न्यूमोनियानेही वाढतं. त्यामुळे वय, पहिल्या दिवशीची हातापायातली ताकद आणि स्कॅन यांवरच डॉक्टरांची जास्त भिस्त असते. रिपोर्ट वाईट आला म्हणून फिजिओथेरपी सोडू नये.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश-झाडपाल्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आधी सीटी स्कॅन लागतोच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर हे इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यातच न्या.